द्राक्षमळ्यातली छोट्या गटाची फेरी आणि वाइन टेस्टिंग: नाशिकला कधी, कुठे, कसं?

कल्याणी_ठाणे
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत माझा दादा आणि वहिनी मेलबर्नहून येतायत. तिकडे यारा व्हॅलीत ते एका छोट्या फेरीला गेले होते. आठ माणसं, सोबत मळ्यातच काम करणारी एक बाई, तासभर वेलींच्या रांगांमधून चालणं आणि मग सावलीत बसून चार-पाच वाइन चाखणं. तेव्हापासून दादाने धोशा लावलाय की हेच नाशिकला करायचं.

मागे आम्ही ऑफिसच्या मंडळींबरोबर नाशिकच्या एका वायनरीत शनिवारी गेलो होतो. चाळीसेक माणसं, टाक्यांच्या शेडमधून वीस मिनिटांत बाहेर, मग काउंटरला उभ्या-उभ्या टेस्टिंग. मळा लांबूनच पाहिला. आई सोबत होती, ती परतताना म्हणाली, "द्राक्षं कुठे होती गं?" तसं पुन्हा नकोय.

तर, खरंच मळ्यात नेणारी छोटी फेरी कुठे मिळते? फेब्रुवारी योग्य का? आणि मुख्य प्रश्न असा की आई माळकरी आहे, बाबांना मधुमेह, दोघेही थेंब घेत नाहीत. शिवाय माझी लेक नऊ वर्षांची. या तिघांना नेण्यात अर्थ आहे का, की त्यांना त्र्यंबकेश्वरला पाठवून आपण मळ्यात जावं?

अश्विनी_न
वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

रानवाटा
कल्याणी, मिळतं नाशिकला, पण मागून घ्यावं लागतं. वेबसाइटवर जी ठरलेल्या वेळेची टूर असते ती बहुतेक ठिकाणी शेड, टाक्या, पिंपं आणि काउंटर अशीच असते. थेट फोन करायचा आणि स्पष्ट सांगायचं, "आम्ही सहा-आठ जण आहोत, आम्हाला आधी मळा बघायचाय, मळ्याचं काम बघणारं कोणी सोबत द्याल का?" सोमवार ते गुरुवार विचारलं तर बरेच जण हो म्हणतात. शनिवार-रविवारी त्यांचाही नाइलाज असतो.

आम्ही इगतपुरीच्या बाजूला, सांजेगाव-कावनईकडे गेलो होतो. डोंगर, धरणाचं पाणी आणि मध्ये मळे. सकाळी आठला बोलावलं होतं. सोबतच्या मुलाने शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या काळ्या द्राक्षाचा, एक मणी तोडला, करवंदाएवढाच असेल, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या नळीच्या, काचेवर त्याचा रस पिळला. नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेघ 22च्या जरा वर. म्हणजे शुगर 22 ब्रिक्स, 100 ग्रॅम रसात साधारण 22 ग्रॅम साखर. मग म्हणाला, आता मणी तोंडात टाका, पण गिळू नका, बी बाहेर काढून बघा. काही बिया तपकिरी झाल्या होत्या, काही अजून हिरवट. हिरवट बी चावली तर तोंड तुरट पडतं, जीभ टाळूला चिकटते. तपकिरी बी कुरकुरीत लागते. "शुगर आली तरी बी पिकेपर्यंत आम्ही थांबतो," तो म्हणाला.

तासाभराने लाल वाइन तोंडात घेतली आणि हिरड्यांवर तोच तुरटपणा आला, फक्त मऊ झालेला. टॅनिन टॅनिन म्हणतात ते काय, हे मला त्या बीने शिकवलं. काउंटरवर हे कधीच कळलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की चालणं आधी, चाखणं नंतर. आणि माणसं दहाच्या आत, नाहीतर तो मणी आणि ती नळी सगळ्यांच्या हातात पोचत नाही.

खवय्या_कोथरूड
सकाळी आठ म्हणजे मिसळ कधी खायची?

रानवाटा
खवय्या, नंतर! तिखटाने जीभ पोळली की पुढच्या पाचही ग्लासांत काही लागत नाही.

दिंडोरीकर
मी या भागातलाच. घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी उत्तम. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. आधी पांढरी येतात, शिनिन ब्लाँ, सोविन्याँ ब्लाँ, मग शिराझ आणि काबर्ने. तुमच्या दादाला हे उलटं वाटणार नाही, कारण मेलबर्नकडेही तोडणी याच सुमाराला सुरू होते. युरोपातले पाहुणे मात्र चक्रावतात, कारण त्यांच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी.

युरोपात थंडीत वेल पूर्ण झोपते, पानं गळतात, वर्षातून एकच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा फक्त काडी तयार करायची. त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरतो. पावसाळा असाच काढायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिथून साडेचार-पाच महिन्यांत वाइनचा माल तयार. पावसाळ्यात फळ धरलं तर डाऊनी आणि करपा हे रोग काही ठेवणार नाहीत. तेव्हा एप्रिल-मेमध्ये जाल तर बाग उघडीबोडकी, जुलैत जाल तर हिरवीगार पण घड नाही आणि पाय चिखलात.

खायच्या आणि वाइनच्या बागेतला फरक जाताना रस्त्यावरूनच ओळखता येतो. खायची द्राक्षं मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर, घड डोक्याच्या उंचीला. वाइनची वेल तारांवर उभी चढवलेली, घड गुडघा-कमरेच्या उंचीला, त्यामुळे तोडणाऱ्या बायांना दिवसभर वाकून काम करावं लागतं. थॉमसनच्या, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, घडाला आम्ही जीए या वाढीच्या संजीवकात बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. वाइनच्या मालाला उलट हवं, मणी लहान, साल जाड, बी असलेला. रंग आणि चव सालीत असते. खायच्या बागेत एकरी 10 टन आणि वर निघालं की शेतकरी खूश, वाइनवाले चार-सहा टनांच्या वर गेलात तर नाराज. जास्त घड ठेवले की रस पातळ होतो.

एक विनंती, विचारल्याशिवाय मणी तोडून तोंडात टाकू नका. फवारणी झाली की ठरावीक दिवस माल खायचा नसतो, आणि कुठल्या प्लॉटला कधी मारलंय हे मळेवाल्यालाच माहीत असतं. लहान मूल सोबत असेल तर जास्तच सांभाळा.

अश्विनी_न
दिंडोरीकरदादा, किती छान सांगितलंत. रांगेच्या टोकाला गुलाब लावलेले असतात, ते रोग आधी कळावा म्हणून ना? आम्हाला गाइडने तसं सांगितलं होतं.

दिंडोरीकर
ताई, सांगतात सगळीकडे, पण माझ्या अनुभवात तसं होत नाही. गुलाबावर भुरी येते ती वेगळी बुरशी, द्राक्षावरची वेगळी. गुलाबाची भुरी द्राक्षावर जात नाही. हवा भुरीची झाली एवढा अंदाज फार तर येईल, पण आम्ही पान उलटून आणि हवामान बघून फवारणी ठरवतो. गुलाब दिसतात मात्र सुंदर.

केतकी_मुलुंड
तारखांचं लक्षात ठेवा. 26 जानेवारीला ड्राय डे असतो, लाँग वीकएंड धरून दर वर्षी कोणीतरी जातं आणि टेस्टिंग बंद म्हणून परत येतं. निवडणुका असतील तर त्याही बघा. फेब्रुवारीच्या सुमाराला सुला वायनरीचा संगीतमहोत्सव, सुलाफेस्ट, असतो त्या शनिवार-रविवारी गंगापूर-सावरगाव रस्त्याने जायचंच नाही. टेस्टिंगसाठी वय 21 पूर्ण लागतं, ओळखपत्र मागतात. मुलांना मळ्यात यायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण आधी विचारून ठेवा.

आणि गाडी चालवणारा चाखणार नाही, हे घरातून निघतानाच ठरवा. थुंकायला भांडं असतं तरी लोक लाजून गिळतात.

सदूभाऊ_नगर
मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नये.

आमच्या गावात बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. माझी आई त्यात पुढे होती, कारण माझे मामा दारूपायी गेले. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे ती लोकांनी लढून मिळवलेली. अशा पार्श्वभूमीवर 'वाइन टेस्टिंग' हा सहकुटुंब सहलीचा विषय होतो, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं म्हणतात, हे मला पटत नाही. 2022 साली सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय सरकारने घेतला तेव्हाही हेच सांगितलं गेलं की शेतकऱ्याचा फायदा आहे. लोकांनी विरोध केला म्हणून तो थांबला. दारू ती दारू.

रानवाटा
सदूभाऊ, तुमच्या आईंना नमस्कार. त्या लढ्याबद्दल मनापासून आदर आहे. एवढंच म्हणेन की कल्याणी ज्या फेरीबद्दल विचारतेय तिच्यात दोन तासांतला दीड तास शेतीचा आहे. आमच्यासोबत एक काका होते, त्यांनी ग्लासाला हातही लावला नाही आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

मानसी_डॉक्टर
सदूभाऊंच्या मुद्द्याला वैद्यकीय जोड देते. "वाइन हृदयाला चांगली" हे अजूनही टेस्टिंग रूममध्ये ऐकायला मिळतं. ते धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. ज्यांना प्यायचीच आहे त्यांनी चवीसाठी प्यावी, औषध म्हणून नाही, आणि न पिणाऱ्याने तब्येतीसाठी सुरुवात करावी असं तर मुळीच नाही.

150 मिलीच्या एका ग्लासात साधारण 14-15 ग्रॅम अल्कोहोल असतं. टेस्टिंगमध्ये 30 मिली ओततात असं धरलं तर पाच नमुने म्हणजे एक अख्खा ग्लास. उन्हात चालून आल्यावर, रिकाम्या पोटी, तो चढतो. सोबत पाणी आणि खाणं हवंच.

कल्याणी, बाबांनी चाखू नये हे उत्तमच, पण मळ्यातली द्राक्षंही बेताने. वाइनच्या द्राक्षात खायच्या द्राक्षापेक्षा जास्त साखर असते. चालणं त्यांना छान. औषधाची आणि नाश्त्याची वेळ चुकवू नका.

दिंडोरीकर
सदूभाऊ, तुम्ही शेतकऱ्याच्या फायद्याचं लिहिलंत, म्हणून माझ्या घरचं सांगतो.

2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि तिकडे पलूसला वाइन पार्क केले. त्या काळात आमच्याकडे धडाधड वाइनच्या जाती लागल्या. वडिलांनी करार करून दीड एकर शिराझ लावली. चार वर्षं बरी गेली. मग 2008-09 ची मंदी, मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस. ज्या वायनरीशी करार होता तिने माल उचलायला नकार दिला. वाइनचा माल बाजारात विकता येत नाही, त्याला बी असते, साल जाड, मणी बारीक, कोण खाणार? वडिलांनी भाव पाडून मिळेल त्याला दिला आणि मे महिन्यात जेसीबी लावून बाग काढली. आमच्या शिवारात त्या दोन वर्षांत असे कितीतरी प्लॉट निघाले. तिथे आज थॉमसन आहे.

म्हणून मला या फेऱ्यांचं अप्रूप वेगळ्या कारणाने आहे. बाटलीवर मोराचं नाहीतर सूर्याचं चित्र असतं. ती तोडणी करणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बाया, पहाटे हेडलॅम्प लावून गार हवेत माल काढणं, कॅरेट डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेणं, हे कोणाला दिसत नाही. दहा माणसं रांगेत येऊन उभी राहिली, घड हातात घेतला, बाईला नाव विचारलं, की त्यांना भावाबद्दल बोलावंसं वाटतं. मळ्यात गेल्याशिवाय ते प्रश्न सुचत नाहीत.

दारूच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. माझ्या घरात कोणी पीत नाही.

सदूभाऊ_नगर
दिंडोरीकर, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे कांद्याचं आणि दुधाचं दुखणं आहे, त्यामुळे भाव पडणं म्हणजे काय ते कळतं. माझं मत दारूबद्दल तेच आहे. पण मळ्यात जाऊन शेतकऱ्याचं ऐकणार असाल तर जा.

नेकारकाठची
मी श्टुटगार्टला राहते. मुंबईचं भगिनी शहर, 1968 पासून. इथे शहराच्या मध्यात, मुख्य स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर द्राक्षमळे आहेत! टेकड्यांच्या उतारावर दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्या, नुसते दगडावर दगड, मध्ये चुना-सिमेंट नाही. हे बांध सांभाळणं हेच मोठं काम. मोझेल नदीकडे तर चढ इतके उभे की कामासाठी एका रुळावर चालणारी छोटी गाडी लावतात.

शरदात गावोगाव 'वाइनवांडरुंग' असते. मळ्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने टेबलं मांडतात, ग्लास गळ्यात अडकवायचा आणि चालत सुटायचं. आजी-आजोबा, ढकलगाडीतली बाळं, कुत्री, सगळे. मुलांना द्राक्षाचा रस. त्याच दिवसांत फेडरवाइसर मिळते, म्हणजे अजून आंबत असलेला, गढूळ, फसफसणारा रस, आणि त्याच्याबरोबर कांद्याचा केक. ती बाटली घट्ट बंद करत नाहीत, वायू सुटत असतो. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा बाटली आडवी ठेवून ट्राममधून निघाल्या होत्या, मी वेळेत उभी केली.

अजून एक गंमत, वर्षातले काही आठवडे शेतकरी आपल्या घरातच खानावळ मांडतात, घरची वाइन आणि साधं जेवण. दारावर झाडू टांगला की समजायचं, आज चालू आहे.

नाशिकला आणि इथे एक मोठा फरक आहे. इथे मळ्यातल्या वाटा सार्वजनिक आहेत, कोणीही चालावं. नाशिकला सगळं कुंपणाच्या आत. त्यामुळे तिथे सोबत चांगला माणूस मिळणं फार महत्त्वाचं.

खवय्या_कोथरूड
झाडू टांगलेली खानावळ आपल्याकडे चालू झाली पाहिजे. आईशप्पथ, मी दर रविवारी नाशिकला येईन. दिंडोरीकर, तुम्ही का नाही करत?

दिंडोरीकर
जेवण केव्हाही करू, या. घरची वाइन विकायला मात्र परवाना लागतो, ते काम छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही.

पिंपळपार
घरगुती विषय निघालाच आहे तर, आजी काळ्या द्राक्षांचं सरबत करायची, जिरेपूड आणि सैंधव घालून. ते वाइनपेक्षा भारी. कल्याणीताई, आईंसाठी अशा ठिकाणी ताजा रस मिळतो का विचारा. काही मळ्यांत देतात.

खवय्या_कोथरूड
मिसळीकडे परत येतो, कारण रानवाटाने माझा मुद्दा उडवून लावला. मान्य, आधी मिसळ नको. पण टेस्टिंग संपल्यावर दुपारी गंगापूर रोडला काळ्या मसाल्याची मिसळ घ्या, सोबत भाजलेला पापड, आणि गोडसर शिनिन ब्लाँची आठवण ताजी असू द्या. तिखटाला किंचित गोड, थंड, आंबूस चव फार जुळते. जाड लाल वाइन मात्र तिखटाबरोबर भडकते, तुरटपणा आणि तिखट एकमेकांना वाढवतात. घरी करून बघा: एक घास मिसळ, एक घोट शिनिन. मग तसंच काबर्नेबरोबर. फरक लगेच कळेल.

केतकी_मुलुंड
हे बरोबर आहे. सुरणाच्या कापांबरोबर आणि बोंबील फ्रायबरोबर सोविन्याँ ब्लाँसुद्धा छान जाते, त्यात हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास असतो.

अश्विनी_न
टेस्टिंगमध्ये नेमकं काय करायचं असतं? मला फार अवघडल्यासारखं होतं. सगळे ग्लास फिरवतात, वास घेतात, मग "पेरू येतोय" म्हणतात. मला तर फक्त वाइनचा वास येतो.

रानवाटा
अश्विनी, अवघडू नका. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. आधी न फिरवता वास घ्या, मग फिरवून. फरक जाणवला तरी पुरे. पेरू नाही आला तर नाही. त्या दिवशी अत्तर, परफ्यूम, सुवासिक गजरा टाळा, शेजारच्याचीही पंचाईत होते. क्रम साधारण फसफसणारी, पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड असा असतो, कारण जड चवीनंतर हलकी चव लागत नाही.

आणि पांढरी-लाल फरक द्राक्षाच्या रंगापेक्षा कामाच्या पद्धतीत जास्त आहे, हे टाक्यांपाशी विचारा. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस आतून पांढराच असतो. लालसाठी साली रसातच ठेवून आंबवतात, रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. गुलाबीसाठी काही तासच ठेवतात. पांढरीचा रस आधी पिळून घेतात आणि गार टाकीत सावकाश आंबवतात, म्हणून टाकीला हात लावला तर बर्फासारखी लागते, बाहेर दव साचलेलं असतं. मळा बघून झाल्यावर टाक्यांचं हे सगळं पटकन डोक्यात बसतं.

पिंपळपार
ते पायाने द्राक्षं तुडवणं? ते खरं असतं का?

केतकी_मुलुंड
असतं की, हंगामात मोठ्या लाकडी पिंपात उतरवतात. आमच्या इथे सांगितलं की ती द्राक्षं खेळापुरती, बाटलीत जात नाहीत. मुलांना जाम आवडतं. जुने कपडे न्या, शिराझचा डाग निघत नाही. माझ्या पांढऱ्या सलवारीला अजून आहे.

सोलापुरी_चादर
सगळे नाशिकच्या मागे लागलेत म्हणून आमच्याकडचं सांगतो. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्राटेल्लीचे मळे आहेत, माळशिरस तालुक्यात. मोहिते-पाटील घराण्यातले, दिल्लीचे आणि इटलीचे भाऊ अशी भागीदारी, म्हणून 'फ्राटेल्ली' (इटालियनमध्ये 'भाऊ'), आणि वाइन करायला इटलीचे पिएरो मासी. सांजोवेसे ही टस्कनीची जात तिथे माळरानावर उभी आहे. गर्दी नाशिकच्या मानाने कमी. पंढरपूर जवळ आहे. कल्याणीताई, तुमच्या आई माळकरी आहेत म्हणालात, त्यांचं विठ्ठलदर्शनही होईल, आणि तुम्हाला मळा.

रानवाटा
ही फार चांगली सूचना आहे.

जुना_जाणता
नाशिकचं थोडं जुनं सांगतो. आमच्या लहानपणी नाशिकला द्राक्ष म्हणजे खायचंच. वाइन म्हटलं की नारायणगाव आठवायचं, तिथे 80च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशात पाठवली. नाशिकला नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंतांनी सावरगावला घरच्या जमिनीत वाइनच्या जाती लावल्या, 2000 साली सुलाची पहिली वाइन आली, 2005 मध्ये टेस्टिंग रूम. 2010 मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. गंगापूर धरणाच्या बाजूने रविवारी जाणारी मोटारींची रांग ही या वीसेक वर्षांतली गोष्ट. त्याआधी तिकडे संध्याकाळी कोणी फिरकत नसे.

आणि अवकाळीचं कोणी बोललं नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीनंतर मी एका भाच्याच्या बागेत गेलो होतो. मणी फुटून तारेखाली चिखल झाला होता आणि बागेत आंबूस वास. तुमच्या फेरीच्या आदल्या दिवशी पाऊस झाला आणि त्यांनी रद्द केली तर वाद घालू नका, त्या दिवशी त्यांना बाग वाचवायची असते.

दिंडोरीकर
काका, खरं लिहिलंत. पाऊस झाला की तोडणीच्या तोंडावर मणी तडकतो, शुगर खाली येते आणि सड लागते. दोन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं.

कल्याणी_ठाणे
अरे बापरे, किती माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार, सदूभाऊ तुमचेही. तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मी दारू बघायला नाही, बाग बघायला जाणार." तिच्या माहेरी सांगलीकडे तासगावला बेदाण्याचं शेड होतं, हे मला आत्ता कळलं! दिंडोरीकरदादांची छाटणीची पोस्ट तिने दोनदा ऐकली आणि वर "आमच्याकडेही खरड छाटणी एप्रिलातच" असं सांगितलं. तेव्हा आई नक्की येतेय. बाबा म्हणतात, मी रिफ्रॅक्टोमीटरसाठी येईन. ते फिजिक्सचे शिक्षक होते.

रानवाटाने सांगितलं तसं दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी म्हणाले, ठरलेली टूरच घ्या. दुसरीकडच्या बाईंनी विचारलं, "आजी-आजोबांना उन्हाचा त्रास होईल का? साडेसातला या, तोडणी चालू असेल तर दाखवते." तिथेच नक्की केलं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, मंगळवार. आम्ही सात जण. लेकीला तोडणीच्या रांगेत नेतील, टेस्टिंगच्या वेळी ती आणि आई बाहेर झाडाखाली बसतील, रस मिळणार आहे. गाडी माझा नवरा चालवणार, तो चाखणार नाही.

एकच शंका, आदल्या दिवशी मुक्काम करावा की पहाटे ठाण्याहून निघावं?

केतकी_मुलुंड
मुक्काम करा. कसाऱ्यात धुकं आणि ट्रक असले की साडेसात चुकतातच. आई-बाबांना गाडीचा त्रास होत असेल तर आदल्या सकाळी तपोवन एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरवा, बाकीचे मागून गाडीने या.

दिंडोरीकर
मुक्कामच करा. सकाळी गारठा असतो, काकूंना स्वेटर आणि बंद बूट द्या. ठिबकच्या नळ्या रांगेत पायाशी असतात, अडखळायला होतं. आणि तोडणीवाल्या बायांना विचारून काकूंच्या हातात कात्री द्या. तासगावच्या आहेत म्हणता, तर घड कसा धरायचा ते त्या तुमच्या गाइडलाच दाखवतील.

सोलापुरी_चादर
आणि पुढच्या वर्षी अकलूज, हे लिहून ठेवा.